मेबलच्या शब्दाखाली मेबलचं नाव

‘कादंबरीतली भाषा कादंबरीतच राहू द्यावी, रंगमंचावर ओढून आणली की तिचं पाणी होतं,’ असं एक समीक्षक मित्र परवा ठणकावून म्हणाला. निमित्त होतं पिप विल्यम्स यांच्या ‘द डिक्शनरी ऑफ लॉस्ट वर्ड्स’ या कादंबरीचं. व्हेरिटी लॉटन यांनी तिचं नाटक केलं आणि २०२३मध्ये ते आधी अॅडलेडला, मग सिडनीला रंगमंचावर आलं. आम्ही दोघांनीही प्रयोग पाहिलेला नाही. त्यामुळे वाद चांगलाच रंगला.

रूपांतरात पात्रं गळतात, चार पानांचं निवेदन एका वाक्यात कोंबावं लागतं, वगैरे रडगाणं सगळ्यांना पाठ आहे. ते सोडून देऊ. माझा मुद्दा वेगळा होता. ही कादंबरी ज्या अन्यायाबद्दल आहे, तो अन्यायच मुळी कागदाने केलेला आहे.

ऑक्सफर्डमध्ये कोशाचे संपादक जेम्स मरे यांच्या घराच्या बागेत पत्र्याची एक शेड होती. ‘स्क्रिप्टोरियम’ असं भारदस्त नाव मिरवणाऱ्या त्या शेडमध्ये इंग्रजीचा थोर कोश आकाराला येत होता. भिंतीवर खणच खण आणि खणांत चिठ्ठ्या. चिठ्ठी साधारण सहा इंच बाय चार इंचांची. कोपऱ्यात शब्द, मग सन, लेखक, पुस्तकाचं नाव आणि तो शब्द ज्यात आला ते वाक्य. शब्दाला पुरावा हवा आणि पुरावा कागदावरचा हवा, हा शिरस्ता. शास्त्र म्हणून तो चोख होता. पण ज्या बायकांनी जन्मात पुस्तक लिहिलं नाही, त्यांच्या तोंडच्या शब्दाला पुरावा कुठून आणणार? कादंबरीतली एझ्मी (ही काल्पनिक) लहानपणी याच शेडमधल्या टेबलाखाली बसायची. मोठी झाल्यावर ती बाजार पालथा घालते, मोलकरीण लिझीचे आणि बाजारात बसणाऱ्या म्हाताऱ्या मेबलचे शब्द टिपते आणि लिझीच्या खाटेखालच्या ट्रंकेत साठवते.

तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द हा भेद माझ्या फार आवडीचा. संधी मिळाली की मी तो काढतेच. मित्राला म्हटलं, मेबलचा शब्द विल्यम्स यांनी शेवटी पुन्हा कागदावरच आणला ना? मग तो तोंडात परत घालणारं नाटक हेच या गोष्टीचं खरं घर. शिवाय काही गोष्टी रंगमंच एका फटक्यात दाखवतो. १९२८मध्ये कोश पूर्ण झाला म्हणून लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये मेजवानी झाली. पंतप्रधान बाल्डविन यांनी भाषण केलं. एडिथ थॉम्पसन यांनी बहिणीसोबत हजारो अवतरणं पुरवली होती, मरे यांच्या कन्या रॉसफ्रिथ यांची कितीतरी वर्षं कोशाच्या कामात गेली होती. पण जेवणाच्या टेबलाशी बायकांना जागा नव्हती. त्यांनी वर सज्जात बसून पुरुषांचं जेवण बघायचं. खाली ताटं, वर बायका. याला संवाद कशाला हवेत?

इथे एक आडवळण घेते. मरे यांच्या शेडमध्ये चिठ्ठ्या लागत होत्या त्याच काळात, १९११मध्ये, आपल्याकडे ‘मानापमान’ रंगमंचावर आलं. नायिका भामिनीचे शब्द खाडिलकरांचे, गळा बालगंधर्वांचा. बाईने कसं रुसावं, कसं लाजावं, हे लिहिणारा पुरुष आणि बोलून दाखवणाराही पुरुषच. वर गंमत अशी की घरंदाज बायका नेसण्या-माळण्याची ढब बालगंधर्वांकडून उचलायच्या. मराठी रंगभूमीवर बाईची बोली म्हणून जे वाजलं, त्यातलं बाईचं किती, हा हिशेब मला कधीच नीट लागलेला नाही.

आणि हे आठवल्यावर माझाच मुद्दा मला खुपायला लागला. तोंड म्हणजे कुणाचं तोंड? नाटकात मेबल बोलते ते एका तालीम घेतलेल्या नटीच्या तोंडून, तेही कागदावरून पाठ करून. मेबल एक असा शब्द सांगते जो ऑक्सफर्डच्या कोशाने १९७२च्या पुरवणीपर्यंत छापलाच नाही. कादंबरीत एझ्मी तो इतर कुठल्याही शब्दासारखा गंभीरपणे लिहून घेते. वाचक एकटा असतो, त्यालाही गंभीर राहता येतं. भरल्या थिएटरात मात्र फाटक्या तोंडाच्या म्हातारीने शिवी हासडली की हशा ठरलेला. ज्या शब्दासाठी एवढा आटापिटा, तो टाळीचं वाक्य होऊन बसणार.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. मेबलला तोंडाची वाण कधीच नव्हती! आयुष्यभर ती बोललीच. तिला अप्रूप वाटतं ते चिठ्ठीवर, जिथे एखाद्या लेखकाचं नाव यायचं तिथे, स्वतःचं नाव आल्याचं. वाचता न येणाऱ्या लिझीलाही तिचं वाक्य तिच्या नावानिशी कागदावर मिळतं. म्हणजे नाटक या बायकांना जे देतं ते त्यांच्यापाशी होतंच. नव्हता तो कागद. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही नोंदवून घेतलं. जात्यावर गळे शतकानुशतकं होतेच; नोंदवहीत नाव येणं ही नवी गोष्ट होती.

भाषेचं पाणी होतं हे मित्राचं म्हणणं मला अजूनही आळशीपणाचं वाटतं. ज्याने नाटक कानाने ऐकलंय तो असं म्हणणार नाही. पण मी ज्या तोंडाची तरफदारी करत होते, ते या गोष्टीचं मर्म नव्हे, हे मला मान्य करावं लागतंय. रंगमंचावर आणायला हवी ती चिठ्ठी. मेबलने शब्द उच्चारायचा आणि मग एझ्मीचं लिहून होईपर्यंत थांबायचं. शब्द, सन, वाक्य आणि खाली मेबलचं नाव. पूर्ण वेळ घेऊन. त्यासाठी मी कादंबरीतलं एझ्मी आणि गॅरेथचं प्रेमप्रकरण खुशाल निम्मं छाटलं असतं. नाटकवाले म्हणतील, पात्र लिहीत बसलं की प्रेक्षक खोकायला लागतात. खोकू देत.