विटाळ कशाचा?

माझा पणजा सोलापुरात गिरणीकामगार. रिंगखात्यात. विणखात्याचं दार त्याला बंद. का? कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढायचा. आमची थुंकी चालत नव्हती. आमच्या हातचं सूत मात्र चालायचं!

लँकेशायरच्या बायाही धोटा ओठांनी ओढायच्या. तिथं भीती रोगाची, इथं जातीची.

विणखात्यात पगार जास्त. म्हणजे दोस्तांनो, विटाळानं पगारच राखला. १९२८ च्या मुंबईच्या संपात बाबासाहेबांनी हे दार उघडा म्हणून सांगितलं. दार धरून उभा होता शेजारचा कामगारच. मालकाला ते सोयीचं. तोही पिळलेला, कबूल. पण पिळला गेला म्हणून माणूस निर्दोष ठरतो का?

ऐक्य हवंच. आधी धोटा इकडं द्या.