विचारायला लाज कसली?

मृग जवळ आला की अमडापुरात कृषी केंद्रापुढे, चहाच्या टपरीवर, एसटीत एकच विषय असतो. औंदा सोयाबीनचं कोणतं बियाणं घेता? ३३५ साधलं का? साठीचा शेतकरी पंचविशीच्या पोराला हे विचारतो आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. हाच माणूस वाचनालयात गेला की पेपर चाळतो, कपाटाकडे एकदा बघतो आणि उठून जातो. ‘यातलं मी काय वाचू?’ एवढं विचारणं त्याला जमत नाही. आपलं अडाणीपण उघडं पडेल, अशी भीती वाटते.

ही भीती त्याची एकट्याची नाही, ती आपण सगळ्यांनी मिळून पेरलेली आहे. पोथी कोणी वाचायची आणि कोणी लांब बसून ऐकायची, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीनं ठरवलं. बाईच्या हाती पुस्तक आलं की घर बुडतं, असं सांगितलं गेलं. नियम गेले, पण मनातला संकोच अजून गेलेला नाही.

त्या संकोचाची किंमत आपल्याच बुलढाणा जिल्ह्यानं मोजली आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. सुरतेच्या एका विधवेला शिक्षा झाली, तेव्हा साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. त्या रागातून हे पुस्तक आलं. पुण्यात छापून निघालं आणि टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५मध्ये आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून ताराबाईंची बाजू घेतली. उघडपणे बाजू घेणारा एवढा मोठा माणूस पाठीशी असूनही पुस्तक विस्मरणात गेलं. संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं १९७५ साली. मधली नव्वद वर्षं किती आयाबहिणींनी तेच दुःख सोसलं असेल आणि आपल्याच मुलखातल्या एका बाईनं ते लिहून ठेवलंय, हे त्यांच्या कानावरही गेलं नसेल! पुस्तक जाळावं लागत नाही. एकानं दुसऱ्याला सांगितलं नाही, की ते आपोआप मरतं.

सदानंद देशमुख याच अमडापूरचे. त्यांच्या ‘बारोमास’ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ आणि कोरडवाहू शेतीत पिचलेलं त्याचं घर ही त्या कादंबरीची गोष्ट. स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसणाऱ्या आपल्या पोरांची ती गोष्ट आहे. त्यांनी ‘पुढं काय वाचू?’ विचारलं, तर आपण गाईडचं नाव सांगतो. जागा निघाल्या नाहीत म्हणून रात्री एकटा पडलेल्या पोराला एकनाथ भेटायला हवा, हे कोणी सांगायचं? देशमुखांचा सत्कार केला, हार घातले, तेवढ्यानं आपली जबाबदारी संपत नाही.

सांगणाऱ्यांनीही सवय बदलली पाहिजे. कोणी विचारलं की आपण दहा थोर ग्रंथांची नावं तोंडावर फेकतो आणि विचारणारा पुन्हा येत नाही. आधी त्याला विचारा, शेवटचं काय आवडलं, कुठं कंटाळा आला, वेळ किती मिळतो. मग एकच पुस्तक सांगा आणि जमलं तर हातात द्या. घरातल्या सुनेला विचारा. वाचनालयाचं सभासदत्व तिच्याही नावानं घ्या. शेतमजुरी करून आलेल्या बाईला वाचता येत नसेल, तर तिच्या शाळकरी मुलीला रोज चार पानं मोठ्यानं वाचायला सांगा. आणि गुरुजींनो, तुम्ही पोरांना विचारा, ‘तू काय वाचलंस? मला सांग, मीही वाचतो.’ शिक्षकानं विचारलेलं पाहिल्यावर पोराची जीभ मोकळी होईल.

मी स्वतःपासून सुरुवात करतो. ताराबाई वाचून झाल्या, ‘बारोमास’ दोनदा झालं. तुम्ही शेतात असा, शाळेत असा नाहीतर चुलीपुढं, तुम्हाला झोपू न देणारं एक पुस्तक मला सांगा. येत्या पावसाळ्यात मी ते वाचीन.