छापखान्याबाहेरची कविता

पारतंत्र्यातल्या दारिद्र्यावरची मराठी कविता म्हटली की बोट बहुधा केशवसुतांच्या १८८९ सालच्या ‘मजुरावर उपासमारीची पाळी’कडे जातं, नाहीतर साने गुरुजींच्या ‘पत्री’कडे. दोघांचाही खानदेशाशी संबंध आला, पण दोघेही मूळचे इथले नव्हेत. केशवसुत मालगुंडचे, गुरुजी पालगडचे. कोकणातून आलेले मास्तर. केशवसुत पुढे भडगावला आणि भुसावळजवळच्या फैजपूरला शिकवत होते, पण मजुराची ती कविता त्याआधीची. गुरुजी मात्र अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली नोकरी सोडून पुढे शेतकरी-कामगारांत गेले. सारामाफीसाठी गावोगाव फिरले, लोकांच्या तोंडी बसतील अशी गाणी दिली. ‘पत्री’ सरकारने जप्त केली, यात नवल नाही.

तरी ही कविता गरिबांविषयीची आहे. गरिबांच्या घरात जुळलेली कविता त्याच काळात, त्याच मुलखात होती आणि ती छापली जात नव्हती. हा माझा मुद्दा.

‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेलं मासिक १८८७ पासून निघत होतं ते पुण्यामुंबईहून नव्हे, जळगावहून. नारायण नरसिंह फडणीस त्याचे संपादक. १९०७ सालचं पहिलं कविसंमेलनही जळगावचंच. धरणगावचे ठोमरे तिथूनच ‘बालकवी’ झाले. त्याच जळगावात चौधऱ्यांच्या घरची एक निरक्षर सून, बहिणाबाई, घरोटावर दळता दळता ओव्या जुळवत होती. बहिणाबाईंनी छापखान्यावरही गाणं रचलं. त्यांची स्वतःची गाणी मात्र १९५२ साली, त्या गेल्यावर वर्षभराने पुस्तकात आली. तीही मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने वेळीच उतरवून ठेवली म्हणून, आणि अत्र्यांनी ती उचलून धरली म्हणून. नाहीतर ती जात्याबरोबरच गेली असती.

बहिणाबाईंना आपण तत्त्वज्ञ करून टाकलं. मन, संसार, देव एवढंच भाषणांत येतं. पण त्यांची पेरणी, कापणी, मोट, उपणणी वाचताना हे शेत कोणत्या हिशेबात अडकलं होतं ते डोळ्यांपुढे हवं. भुसावळला रेल्वे आली, एक फाटा नागपूरकडे आणि एक जबलपूरकडे गेला. अमेरिकेतल्या यादवीच्या वर्षांत कापसाचा भाव कडाडला आणि मग कोसळला. सारा रोखीत भरायचा, हप्त्याची तारीख ठरलेली. मग ज्वारीच्या रानात कापूस येणार आणि सावकार ओट्यावर येऊन बसणार, हे ओघानंच आलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात बहिणाबाई विशीत होत्या, तिशीत विधवा झाल्या, घरात वाटण्या झाल्या. त्यांच्या गाण्यात लाटसाहेब येत नाही. राबणं येतं, रितं घर येतं. त्यांच्या तोंडी आपलं राजकारण कोंबू नये, हे मान्य. पण त्या राबण्याला कोणत्या राजवटीत किती मोल मिळत होतं, हे न विचारता नुसती वाहवा करणंही बरोबर नाही.

आणि बहिणाबाई म्हणजे तळ नव्हे. त्यांच्या घरी शेत होतं. त्या शेतात सालदार असे, त्याच्याही खाली रुळांवर राबणारा गँगमन. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी हीच गोष्ट उघड मांडली: हा माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरची जागासुद्धा त्याला नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि तिथे अस्पृश्याचा हात चालत नाही. इंग्रजांची रेल्वे, तिच्यावर आपली जात. परकी सत्ता आणि घरची विषमता इतकी एकमेकींच्या सोयीची असताना फक्त साहेबाला शिव्या देणारी कविता अर्धीच. उरलेली अर्धी आंबेडकरी जलशांनी गायली. भीमराव कर्डकांसारखे शाहीर ढोलकीवर ती रात्र रात्र गात, आणि ऐकणाऱ्यांना अक्षर येत नसलं तरी अडत नसे.

केशवसुत शिकवावेतच. पण जळगावच्या विद्यापीठाला आता बहिणाबाईंचं नाव आहे. तिथल्या मराठीच्या प्राध्यापकांना एक विनंती: विद्यार्थ्यांना भुसावळच्या रेल्वे कामगारांच्या वस्त्यांत पाठवा. जुन्या जलशांच्या वह्या कुणाच्या ट्रंकेत असतील, गाणी पाठ असलेलं एखादं म्हातारं माणूस असेल. सोपानदेवांनी आईसाठी केलं ते काम या जलशांसाठी करा, आणि या वर्षीच करा.