आसनावर हक्क कुणाचा?

क्षेत्र महाबळेश्वरची स्थलकथा आसनावरच्या भांडणाची आहे. ब्रह्मदेवाने इथे यज्ञ मांडला. मुहूर्त टळू लागला, तरी पत्नी सावित्रीचा पत्ता नाही. यजमानाशेजारी जागा रिकामी ठेवून यज्ञ करता येत नाही, म्हणून तिथे गायत्रीला बसवले. मागून आलेल्या सावित्रीने ते पाहिले आणि सगळ्यांना शाप दिला: नद्या व्हा. विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा, ब्रह्मदेव कोयना. सावित्री-गायत्रीही त्यातून सुटल्या नाहीत. पंचगंगा मंदिरात गोमुखापुढे ओंजळ धरणारे भाविक ही कथा पुण्यासाठी ऐकतात. पण तिच्यातला पेच धर्माचा आहे. मान सावित्रीचा होता हे खरे, आणि वेळ गायत्रीने सांभाळली हेही खरे. मग अन्याय कुणी केला?

त्याच कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, महाबळेश्वर तालुक्यातच, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे दरे हे गाव आहे. नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस पर्यटक स्ट्रॉबेरीच्या ओढीने वर चढत होते, तर वार्ताहर दऱ्याकडे उतरत होते. 23 नोव्हेंबरच्या विधानसभा निकालात भाजपला 132, शिंदेंच्या शिवसेनेला 57 आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला 41 जागा मिळाल्या होत्या. मुख्यमंत्रिपदाबाबत दिल्लीतील भाजप नेतृत्वाचा निर्णय मान्य असल्याचे शिंदे यांनी 27 तारखेला जाहीर केले आणि दोनच दिवसांनी ते गावी गेले. तब्येत बरी नाही, असे सांगण्यात आले. शपथविधी झाला 5 डिसेंबरला. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि शिंदे उपमुख्यमंत्री. म्हणजे ज्या पदाचा राज्यघटनेत उल्लेखही नाही, ते त्यांच्या वाट्याला आले.

शिंदे समर्थकांचे म्हणणे होते, निवडणूक ज्याच्या नेतृत्वाखाली जिंकली त्याचीच खुर्ची. भाजपने आकडा दाखवला. पण 2022 मध्ये आकडा भाजपचाच मोठा असताना याच पक्षाने शिंदेंना मुख्यमंत्री केले होते. तेव्हा सत्तांतराची निकड महत्त्वाची ठरली होती. त्याआधी 2019 मध्ये उद्धव ठाकरे यांनी शब्दाचा दाखला दिला: सत्तेत समान वाटा ठरला होता. अमित शहा यांनी मुख्यमंत्रिपदाचा असा शब्द दिल्याचे नाकारले. पाच वर्षांत शब्द, निकड आणि आकडा असे तीन धर्म राज्याला सांगून झाले, आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचा तेवढा उचलला. यात एखादा पक्ष अपवाद आहे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

हे काही आजचे नाही. सांगलीच्या वसंतदादा पाटलांनी मार्च 1978 मध्ये आघाडीचे सरकार बनवले ते नाइलाजाने. जनता पक्षाचे 99 आमदार, काँग्रेसचे 69, इंदिरा काँग्रेसचे 62. निवडणुकीत एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन काँग्रेस एका मंत्रिमंडळात बसल्या. इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले आणि आपल्याच भागीदारांवर तोफा डागू लागले. जुलैत शरद पवार या सरकारमधून बाहेर पडले आणि 18 तारखेला वयाच्या 38 व्या वर्षी पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचे मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून महाराष्ट्राच्या राजकारणाला चिकटला आहे. पवारांचे समर्थक मात्र सांगतात की ते सरकार आतूनच कुजले होते. दोन्ही बाजू मनापासून बोलतात, सावित्री-गायत्रीसारख्याच.

विरक्तांनाही हे चुकले नाही. समर्थ रामदासांच्या निर्वाणानंतर, 1682 मध्येच, सज्जनगडाच्या कारभारावरून शिष्यांत कटकट झाली आणि छत्रपती संभाजी महाराजांना त्याबद्दल पत्र लिहावे लागले. तेव्हा याला निव्वळ सत्तालोभ म्हणून हात झटकता येत नाहीत. वारसा कसा ठरायचा हे आधी ठरलेले नसले, की निर्लोभ माणूसही वाद घालतो.

आधी ठरवून ते पाळता येते, याची उदाहरणे आहेत. आयर्लंडमध्ये जवळपास शंभर वर्षांचे वैर असलेल्या फियाना फॉल आणि फिने गेल या पक्षांनी 2020 मध्ये ग्रीन पक्षासह लेखी करार केला, तो सदस्यांच्या मतदानाने मंजूर करून घेतला, आणि ठरल्याप्रमाणे 17 डिसेंबर 2022 ला मिहॉल मार्टिन यांच्या जागी लिओ वराडकर पंतप्रधान झाले. आपल्याकडे जम्मू-काश्मीरमध्ये मुफ्ती मोहम्मद सईद यांनी 2005 मध्ये तीन वर्षे संपताच खुर्ची काँग्रेसच्या गुलाम नबी आझाद यांना दिली. कर्नाटकात मात्र 2007 मध्ये कुमारस्वामींनी भाजपला ठरलेली पाळी नाकारली. कागद माणसाला सज्जन करत नाही. पण शब्द कुणी मोडला, हे त्यामुळे मतदाराला कळते. बंद खोलीतल्या बोलण्यातून ते कधीच कळत नाही.

कथेत सावित्रीला यज्ञाची वेळ ठाऊक होती. मतदाराला तेवढेही सांगितले जात नाही. म्हणून पुढच्या निवडणुकीत युतीचा असो वा आघाडीचा, उमेदवार दारात आला की मत देण्याआधी त्याच्याकडे लेखी करार मागा: मुख्यमंत्री कोण, किती काळासाठी, आणि आकडे बदलले तर काय?