जेवायला कोण बसणार?

लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर मावशींची खानावळ आहे. सुरू केली ती त्यांच्या सासूबाईंनी. तेव्हाचे मेंबर बहुतेक गिरणीतले, कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलेले. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, जेवायला इथे यायचे आणि पगार झाला की हिशेब चुकता करायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या बंद पडल्या आणि उधारी तशीच ठेवून एकेक मेंबर गावी गेला. सासूबाईंनी चूल विझू दिली नाही. परळला केईएम आणि टाटा रुग्णालयात गावोगावचे पेशंट येत. त्यांचे नातेवाईक आठवडेच्या आठवडे मुंबईत अडकून पडत. सासूबाईंनी त्यांना डबे द्यायला सुरुवात केली, आणि खानावळ तरली ती त्या डब्यांवर.

मावशींचा भाचा टुरिस्ट गाइड आहे. 2025 च्या सप्टेंबरात बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि तो धावतच आला.

"मावशी, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय केलीय! एकेका जहाजातून हजारोंनी माणसं उतरतात. बाजूचा गाळा घे, कर्जाचं मी बघतो."

"उतरतात, ते कळलं. जेवतात कुठे?"

भाच्याला सांगता येईना. मग पुढच्या परदेशी जहाजाच्या दिवशी मावशी त्याच्या बसमध्ये जाऊन बसल्या.

गेटवे झालं, गावदेवीचं मणिभवन झालं, महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाटाचे फोटो झाले. पाण्याच्या बाटल्या प्रवाशांनी जहाजावरूनच आणल्या होत्या. एका बाईंनी चुंबकाचा हत्ती घेतला, एकाने टोपी. बारा वाजल्यापासून सगळ्यांची नजर घड्याळावर. जेवण जहाजावर होतं, त्याचे पैसे तिकिटातच भरलेले. रात्रीची खोलीही तिथलीच. चूक प्रवाशांची नव्हती. सफरच तशी विकली होती.

संध्याकाळी बंदराच्या गेटबाहेर एक पोरगा भेटला. जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला, मूळचा देवगडचा. चार तासांची सुट्टी होती आणि त्याला भात-माशाची आमटी हवी होती. मावशी त्याला टॅक्सीत घालून लालबागला घेऊन आल्या. जेवता जेवता तो हैतीबद्दल सांगायला लागला.

"तिथे लाबादी म्हणून किनारा आहे. जहाज कंपनीनं भाड्यानं घेतलाय, भोवती कुंपण. देश एवढा गरीब, पण जहाजं जायची तेव्हा प्रवासी कुंपणाआतच पोहायचे, नि जेवणही जहाज कंपनीचंच. ठरलेले थोडे गाववालेच आत दुकान लावायचे."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत, मावशी. जहाज मुंबईला नुसतं थांबलं, तर माणूस चार तास फिरून परत. पण सफर मुंबईतूनच सुटणार असेल, तर नागपूर-नाशिकची माणसं आधीच येऊन थांबतात. कुणी रात्री राहतं, कुणी सकाळच्या गाडीने येतं. जहाजावर चढेपर्यंत त्यांचं खाणंपिणं इथेच."

माझ्या मते बंदरांच्या आराखड्यात या दोन तऱ्हांतला फरक आधी नोंदवायला हवा. किती माणसं उतरली हे मोजलं जातं. त्यातली किती शहरात झोपली, किती जेवली, हे कुणी मोजताना दिसत नाही. मुंबईचा फायदा व्हायचा तो या दुसऱ्या आकड्यातून होईल. जहाजाच्या स्वयंपाकघरात मासळी ससून डॉकची जाते की गोठवलेली परदेशी, हेही विचारायला हवं, आणि ते विचारण्याचा हक्क खानावळवाल्या बायांनाही आहे.

पोरगा गेल्यावर मावशींनी भाच्याला बसवलं.

"गाळा नको. इथून सुटणारं जहाज असेल त्या सकाळी तू दादरला विदर्भ एक्स्प्रेसवर जा. माणसं पहाटेची आलेली असतात, जहाज दुपारनंतर. बॅगा आपण ठेवू, अंघोळीला वरची खोली देऊ, जेवायला वाढू. आधी दहा पानं वाढून बघू."

"आणि दहाची पन्नास झाली तर?"

"झाली तर दुसरी पंगत बसवू. पण केईएमच्या पेशंटांच्या नातेवाइकांची पानं पहिल्या पंगतीला. जहाजवाल्यांसाठी त्यांना उठवायचं नाही, आणि त्यांचा दरही वाढवायचा नाही."

भाच्याने खिशातून जहाजांचं वेळापत्रक काढलं आणि मुंबईतून सुटणाऱ्या सफरींवर पेनाने खुणा करायला बसला.