जपून ठेवलेले बी

वडीलधाऱ्यांनी मागे ठेवलेली वस्तू जपावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. बापाची वीणा, आजोबांची पोथी, गळ्यातली तुळशीची माळ, घराण्यात चालत आलेली वारी, हे सारे जपायचे यात वाद नाही. वाद आहे तो पुढेच. जपायचे म्हणजे नेमके काय करायचे? फडक्यात बांधून फडताळात ठेवायचे, की हाताळायचे, झिजू द्यायचे, दुसऱ्याच्या हाती सोपवायचे? आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. एका फुलझाडाने तो पाडला. त्याची हकीकत वारकरी बंधुभगिनींपुढे ठेवावी म्हणून आज लेखणी धरली आहे.

आमचे गाव रोहिणखेड, बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातले. घाटाखालचा, काळ्या मातीचा मुलूख. आमच्या घरामागे दोन खाटा मावतील एवढा तुकडा आहे. त्यात आई दरसाल ॲस्टर लावायची. गावात कोणी त्याला अष्टर म्हणतात. फूल मूळचे चीनमधले. अठराव्या शतकात त्याचे बी पॅरिसला पोचले आणि तेथून जगभरच्या बागांत पसरले. ग्रीक भाषेत ॲस्टर म्हणजे तारा. आईला यातले काही ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते, की कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा चालतो आणि त्या दिवसांत पहाटे देवापुढे ठेवायला ओंजळभर फुले घरची असावीत.

तिची रीत ठरलेली होती. मुक्ताईची पालखी मोताळ्यावरून पुढे गेली आणि मृगाचा पाऊस लागला, की ती गादीवाफा करायची. काळ्या मातीत पाणी साचते आणि या झाडाची मुळे वरवरची. पाणी साचले की कुजलीच. म्हणून ती मातीत चाळलेले शेणखत आणि नदीची वाळू कालवायची. बी पेरून वर बोटाच्या कांड्याइतकीही माती घालायची नाही, नुसती भुरभुरायची. दहाबारा दिवसांत कोंब वर. महिनाभराने चारपाच पाने झाली, की रोपे वीत-वीत अंतरावर लावायची. आणखी महिन्याने प्रत्येक रोपाचा शेंडा खुडायची. आम्ही लहानपणी कळवळून म्हणायचो, "आई, वाढत्या झाडाचा शेंडा कशाला मोडतेस?" ती म्हणायची, "एकच उंच जाण्यापेक्षा चार बाजूंनी फुटलेलं बरं." यंदा ज्या जागी ॲस्टर, तिथे पुढच्या वर्षी मेथी नाहीतर कांदा, कारण या झाडाला मर लागते आणि तो रोग मातीतच वस्ती करून राहतो. दिवाळी झाली की उत्तम दोनचार झाडांची फुले ती तोडायचीच नाही. ती वाळू द्यायची आणि त्यांचे बी धरायची. चांगली फुले देवाला, उरलीसुरली बियाण्याला, असा हिशेब तिने कधी केला नाही.

2017 च्या माघात आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर देवघर आवरताना काचेची एक लहान बरणी सापडली. तिच्यात तिने त्याच कार्तिकात धरलेले बी होते. बरणी हातात घेतली आणि आमचे मन भरून आले. हे तिच्या हातचे शेवटचे बी. ते मातीत कसे टाकावे? पाऊस नाही आला, मुंग्यांनी नेले, तर? आम्ही बरणीला हळदीकुंकू लावले आणि ती देवघरातच, समईच्या शेजारी ठेवली. रोज काकडआरती म्हणताना तिच्याकडे पाहायचो. आलेल्या पाहुण्याला सांगायचो, "आमच्या आईच्या हातचे बी आहे हे." लोक हात जोडायचे. आम्हाला बरे वाटायचे. खरे सांगायचे तर थोडा अभिमानही वाटायचा.

अशी चार वर्षे गेली. 2021 च्या ज्येष्ठात नातीने हट्ट धरला, पणजीची फुले पाहायची. मग वाफा केला, आईच्याच रीतीने केला आणि बरणी रिकामी केली. दहा दिवस झाले, पंधरा झाले, वीस झाले. गवत उगवले, ॲस्टर एकही नाही.

बियाचे तसेच असते. ते निजलेले दिसते, पण आत झीज चालूच असते. ओल आणि उकाडा मिळाला की ती वाढते. ॲस्टरचे बी तर फार बारीक, एका ग्रॅममध्ये साधारण चारशे भरेल इतके. साध्या घरात ठेवलेले हे बी पहिल्या वर्षी चांगले उगवते. पुढे त्याचा जोर झपाट्याने उतरतो. आमच्याकडचा उन्हाळा आणि त्यात समईची ऊब! ज्या श्रद्धेने आम्ही बरणी देवापाशी ठेवली, त्या श्रद्धेनेच बी मेले. हे कळले तेव्हा आई दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटले, आणि या वेळी दोष आमचाच होता.

आमच्या आळीच्या टोकाला आईच्या बरोबरीची एक माय राहते. तिच्यापाशी सहज दुःख बोललो. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "बापू, बरणीत बी जगत नाही. तुह्या मायनं मले चिमूटभर देल्लं होतं, लय वर्सं झाले. दरसाल मिरगात टाकाचं, दिवाळीले तोडाचं, अन् बी धराचं. जपाचं असन तं पेराचं, बापू." त्या दिवाळीला तिच्या परसात आम्ही जाऊन पाहिले. ॲस्टर फुलला होता. आईची जांभळी फुले त्यात थोडीच होती. पांढरी आणि फिकी गुलाबी अधिक. शेजारच्या फुलांशी थोडाफार संकर होतो, वर्षामागून वर्षे गेली की रंग सरमिसळतात. आईचे फूल जसेच्या तसे उरले नव्हते. पण उरले होते ते तिथेच. तिने जे देऊन टाकले ते जगले होते आणि आम्ही जे राखले ते मेले होते.

यावर कोणी म्हणेल, की साऱ्याच वस्तू अशा नसतात. कबूल. आमच्याच गावात सोळाव्या शतकातली दगडी मशीद उभी आहे. त्याच शतकाच्या शेवटी अहमदनगरच्या गादीसाठी याच रानात लढाई झाली. ती गादी गेली, दगड राहिला. दगड सांभाळला तर टिकतो, त्याला दरसाल पेरावे लागत नाही. परंतु आपल्याला वाडवडिलांकडून मिळालेले दगडासारखे आहे की बियासारखे, हे आधी ओळखले पाहिजे. जिवंत वस्तूला दगडाचा नियम लावला, तर ती आपल्या हातात मरते आणि आपण तिला हळदीकुंकू वाहत बसतो.

दुसरा कोणी म्हणेल, आता विज्ञानाने बी वर्षानुवर्षे टिकवता येते. तेही खरे. दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोत शून्याखाली 18 अंश थंडीत बियाणे ठेवतात. आपल्या वऱ्हाडात अकोल्यालाही त्या संस्थेचे केंद्र आहे. पण असल्या बियाणे-पेढ्यांतसुद्धा बी अधूनमधून उगवून पाहतात आणि जोर उतरलेला दिसला की पुन्हा शेतात पेरून ताजे करतात. बर्फात ठेवलेल्यालाही मातीची वारी चुकत नाही.

थंड मुलखात वर्षानुवर्षे जगणारे ॲस्टर असतात, शरदात फुलणारे. इंग्लंडात ते 29 सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणासुमारास बहरतात, म्हणून त्या सणाच्या नावाने ओळखले जातात. ते झाड मरत नाही, मग त्याला तरी निवांतपणा आहे काय? नाही. दोनतीन वर्षांत त्याच्या गड्ड्याचा मधला भाग जुनाट होतो, तिथे फूल येईनासे होते. माळी तो गड्डा उपटतो, मधला भाग टाकतो आणि कडेचे कोवळे फुटवे नव्या मातीत लावतो. आपल्याकडच्या शेवंतीचेही हेच. जुन्या खोडाला धरून बसलो तर फुले बारीक होत जातात. दरसाल तिचे नवे फुटवे लावावे लागतात.

वारकऱ्याला हे सांगायला नको खरे तर. सप्ताहात वीणा उभी असते. ती खाली ठेवायची नसते. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, म्हणून अखंड राहते. एकानेच ती सात दिवस कवटाळायची म्हटली, तर दुसऱ्याच रात्री त्याचा डोळा लागेल. वारीचे तसेच. 'आमच्या आजोबांनी चाळीस वाऱ्या केल्या' असे सांगणारे घर आम्ही पाहिले आहे. त्या घरात आजोबांची पताका भिंतीवर आहे आणि पंढरीची वाट कोणाच्या पायाला ठाऊक नाही. त्या घराला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही; आमची बरणी त्याच जातीची होती.

मात्र उतावळेपणाही नको. शहाणा शेतकरी सगळे बी एका पावसावर उधळत नाही. पहिला पाऊस दगा देतो, पेरणी मोडते. म्हणून मूठभर मागे ठेवतो. पण ते पुढच्या पेरणीसाठी ठेवतो, पूजेसाठी नाही. ठेवण्याला मुदत हवी. मुदत विसरली की सांभाळ संपला आणि साठवण सुरू झाली.

त्या मायने आम्हालाही चिमूटभर बी दिले. पुढच्या मृगात निम्मे पेरले. निम्मे तीन घरी वाटले, कारण आमच्या वाफ्यात मर लागली तरी ते गावात कुठेतरी राहावे. कार्तिकात काकड्याला फुले नेली. ओंजळीत जांभळी चारच होती. आईची म्हणावीत की त्या मायची, ते आम्हाला सांगता आले नाही. देवाने विचारलेही नाही. बरणी अजून देवघरात आहे. हल्ली तिच्यात बी फक्त कार्तिकापासून मृगापर्यंत असते. उरलेले दिवस ती रिकामी असते आणि ती रिकामी पाहून आता आम्हाला बरे वाटते.

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी बरणी असेल. मृग लांब नाही. एकदा झाकण उघडून पाहावे, इतकीच विनंती.