इंग्रजी म्हंजे किती?

नववीत गेल्या गेल्या शिराळ्यातल्या एका पोरानं कपाटाच्या दारावर कागद चिकटवला. यंदा इंग्रजी शिकणे. कॉम्प्युटर शिकणे. तबला. भरतीसाठी पळणे. अशा सात ओळी, अक्षर झोकदार. आषाढ सरत आला तरी एकाही ओळीला हात लागला नव्हता.

घरातले आज्जा जुने नाग पकडणारे. नागपंचमीला शिराळ्यात जिवंत नाग पुजत, त्या काळातले. पुढं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यावर बोट ठेवून उच्च न्यायालयानं ते बंद केलं. बंदी रास्तच, पण त्या माणसांची नजर काही कायद्यानं गेली नाही. आज्जांना वाचता येत नसे. पोरानं कागद वाचून दाखवला.

"इंग्रजी म्हंजे किती रं?"

"किती म्हंजे? सगळं."

"सगळं कुणाला आलंय? आमी नाग धराय शिकलो, तर पयल्या साली वस्तादानं हात लावू दिला न्हाई. मडकं धरायचं आन् बांधावरचा माग बघायचा. ताजा कुठला, शिळा कुठला. एवढंच."

पोराला ते काही पटलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं असतंच काहीतरी.

1 ऑगस्टला शाळेत अण्णा भाऊ साठेंची जयंती झाली. शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा हा माणूस शाळेत बसला जेमतेम दीड दिवस. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं जुळवली आणि पुढं 'फकिरा' लिहिली. सर 'फकिरा'वर बोलत राहिले. पोराचं डोकं पाट्यांपाशीच अडकलं. पाटीवर असतात किती शब्द? दोन, नाहीतर चार.

घरी येऊन त्यानं सहा ओळी खोडल्या. उरलेल्या इंग्रजीच्या ओळीपुढं लिहिलं: गोठ्यातली औषधाची बाटली दिवाळीपर्यंत वाचणे.

रोज एक ओळ. बारीक छपाई, अडलेला शब्द शब्दकोशात, तिथंही नाही भेटला तर सरांना. मित्र हसले. फवारणीच्या बाटलीवरून कोण इंग्रजी शिकतं?

दसऱ्याच्या आसपास तो गोठ्यातूनच ओरडला, "आज्जा, ही जनावरांच्या खाद्यापासनं लांब ठेवा म्हणतंय!"

बाटली पेंडीच्या पोत्याला टेकून होती. आज्जांनी ती उचलली, लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं.

"आन् फुडं काय लिवलंय?"

"पेटी उघडा की. उद्याची ओळ राहिलीय."